सगळ्यांचाच ईएफ साठ कसा?

'मॅडम, कार्डिॲक टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन मी सोलापूरच्या एका खासगी रुग्णालयात इको (हृदयाची सोनोग्राफी) टेक्निशियन म्हणून लागले. ओपीडीच्या दिवशी रांग दाराबाहेर जाते. आमचे सीनियर दादा पाच मिनिटांत पेशंट मोकळा करतात. दोन-तीन व्ह्यू (ठरावीक कोनांतली चित्रं) घेतात आणि नजरेने बघून ईएफ (एलव्ही, म्हणजे डावा खालचा कप्पा, दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) ६० टाकतात. मी शिकवलेल्या क्रमाने जायला लागले की म्हणतात, "इथे काय परीक्षा आहे का तुझी?" परवा केमो चालू असलेल्या एका बाईंचा ईएफ मी ४८ काढला. आमच्या डॉक्टर सरांनी स्वतः प्रोब (छातीवर फिरवायचा भाग) धरला तर ५८ आला. सर सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून प्रोब धरला की हात थरथरतो. पूर्ण, नियमात बसणारा इको शिकायचा कसा, आणि या घाईगर्दीत करायचा कसा?'
– एक वाचक, सोलापूर

आधी त्या ४८ आणि ५८ चं बघू, कारण तुझ्या पत्रातलं बाकी सगळं त्यातच आलं आहे.

यातला खरा आकडा कुठला, हे इथे बसून मला सांगता येणार नाही. सरांचा हात मुरलेला आहे, म्हणून माझं मत ५८ कडे झुकतं. पण एकाच हृदयावर दोन जाणत्या माणसांनी काढलेल्या ईएफमध्येही पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. टूडी इकोचं हे जुनंच दुखणं आहे. दहा मात्र जास्त झाले. तुझी क्लिप मशीनवर अजून असेल. ती उघड, ओपीडी संपल्यावर सरांना गाठ आणि एवढंच विचार, 'सर, माझ्या क्लिपवर तुम्ही एकदा ट्रेस करून दाखवाल?' त्यांनी तुझ्याच क्लिपवर ५७-५८ काढला तर चित्र ठीक होतं, तुझं मोजमाप चुकलं. त्यांनाही तिथे ४९-५० च आला तर मोजणं बरोबर, चित्रातच खोट होती. 'कोण बरोबर?' असं विचारलंस तर सर पुन्हा चिडतील आणि तुझ्या हाती काही लागणार नाही.

मोजमाप बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक म्हणजे फ्रेम. एलव्ही सगळ्यात मोठी असते ती फ्रेम आणि सगळ्यात लहान असते ती फ्रेम, या दोनच हव्यात. लहान फ्रेम दोन-तीन घरं अलीकडे किंवा पलीकडे धरली की सिस्टोलचं (हृदय आकुंचन पावलेलं असतानाचं) आकारमान फुगतं आणि ईएफ पडतो. ट्रॅकबॉल हळूहळू फिरवून मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या दोन कप्प्यांमधली झडप) उघडण्याच्या अगदी आधीची फ्रेम शोधायची, ईसीजीच्या टी-वेव्हवर डोळे मिटून भरवसा टाकायचा नाही. दुसरं ठिकाण म्हणजे रेघ. ट्रॅबेक्युली (आतल्या भिंतीवरचे स्नायूंचे पुंजके) आणि पॅपिलरी स्नायू पोकळीच्या आत ठेवायचे, रेघ त्यांच्या मागून, घट्ट स्नायूच्या कडेने न्यायची. नवीन मुलं डायस्टोलमध्ये (हृदय सैल होऊन भरताना) ट्रॅबेक्युलीच्या आतून रेघ ओढतात. सिस्टोलमध्ये त्या दबून स्नायूला चिकटलेल्या असतात, म्हणून तिथे रेघ आपोआप बाहेरून जाते. एका हृदयाला दोन वेगळे नियम लावले गेले, की आठ-दहा अंक कुठे गेले ते कळत नाही.

चित्राची खोट वेगळी. एपिकल फोर चेंबरमध्ये (हृदयाच्या टोकाकडून चारही कप्पे दाखवणाऱ्या व्ह्यूत) प्रोब खऱ्या टोकावर नसेल तर एलव्ही तिरकी कापली जाते. ती आखूड आणि गोलसर दिसते, टोक जाड दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते टोक प्रत्येक ठोक्याला आत येताना दिसतं. खरं टोक पातळ असतं आणि जवळजवळ जागचं हलत नाही, व्हॉल्व्हची बाजू त्याच्याकडे येते. टोक नाचताना दिसलं की एक बरगडी खाली आणि जरा बाहेर, काखेच्या बाजूला सरक. प्रोब उचलायचा नाही, जेलवरून घसरवत न्यायचा. फोर चेंबर आणि टू चेंबरमधल्या एलव्हीच्या लांबीत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर दोनातला एक व्ह्यू नक्की आखूड आहे, त्यावर सिम्पसन (या दोन व्ह्यूंतल्या रेघांवरून ईएफ काढायची पद्धत) लावून उपयोग नाही. अशा आखूड चित्रात टोकाचा मेलेला भागही लपतो आणि अँटिरिअर एमआय (पुढच्या भिंतीचा हार्ट अटॅक) झालेल्या माणसाचा ईएफ छान दिसतो. सगळ्यांचाच ६० येण्यामागे नुसती घाई नसते, हेही असतं.

आता त्या बाईंपुरतं. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब चालू असलेल्या पेशंटचा ईएफ आधीपेक्षा १० अंकांनी उतरून ५० च्या खाली गेला, तर कॅन्सरचे डॉक्टर औषध थांबवायचा विचार करतात. म्हणजे तुझ्या ४८ ने एखाद्या बाईचे उपचार खोळंबू शकतात. आणि दादांच्या ६० ने, खरा ४८ असताना, तेच औषध पुढे चालू राहू शकतं. इथे आजच्या आकड्याइतकाच आधीचा आकडा कामाचा असतो आणि दोन्ही एकाच पद्धतीने काढलेले असावे लागतात. मागच्या वेळी नजरेने आणि या वेळी बायप्लेन सिम्पसनने काढलेला ईएफ शेजारी ठेवून काहीच कळत नाही. ठरलेल्या व्ह्यूंचा, ठरलेल्या मापांचा आग्रह यासाठी आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी, दुसऱ्या मशीनवर केलेल्या इकोशी तुझा इको जुळवता आला पाहिजे.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाचा पहिला इको घेतला, तो धातूतल्या भेगा शोधायच्या मशीनवर. टूडी आल्यावर जो तो आपल्या सोयीने चित्र धरू लागला, तेव्हा अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या समितीने १९८० मध्ये व्ह्यूंची नावं आणि दिशा ठरवून दिल्या. तरी अजूनही लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर फोर चेंबर उलटा, टोक खाली ठेवून बघतात, आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बऱ्याच चित्रांत डावी-उजवी बाजू बदललेली दिसते. नेटवरचे व्हिडिओ बघून शिकताना आधी स्क्रीनवरची खूण कुठल्या बाजूला आहे ते बघत जा, नाहीतर फुकट गोंधळ होईल.

क्रमाबद्दल तुझे दादा म्हणतात ते मला पटत नाही. घर बंद करून गावाला निघताना गॅस, नळ, खिडक्या, कडी असं रोजच्याच ओळीने बघणाऱ्या बाईला एसटीत बसल्यावर धाकधूक होत नाही, एवढाच क्रमाचा उपयोग आहे. आता काय राहिलं, यात डोकं अडकत नाही. ते चित्राकडे मोकळं राहतं.

सुरुवात प्रोबच्या आधी करायची. ईसीजीच्या लीड लावल्याशिवाय बसायचंच नाही. पेशंटला पूर्ण डाव्या कुशीवर घे, अर्धवट कलता नको, आणि डावा हात डोक्याखाली, म्हणजे बरगड्यांच्या फटी उघडतात. पाठीमागे उशी दे. वयस्क माणसं हळूहळू पुन्हा उताणी होतात आणि आपण चित्र का गेलं म्हणून गेन (चित्राचा उजळपणा) वाढवत बसतो. बायकांच्या बाबतीत पडदा, अंगावर चादर आणि खोलीत एक बाई असलीच पाहिजे. काय करणार ते आधी सांग. एपिकलसाठी 'मावशी, हा भाग जरा तुमच्याच हाताने वर धरा' म्हटलं की त्यांचाही संकोच जातो आणि तुला खरी जागा मिळते. संकोचापायी वरच्या वर प्रोब ठेवल्यामुळे बायकांचे फोर चेंबर जास्त आखूड निघतात, असं मी वर्षानुवर्षं बघते आहे.

हात थरथरतो म्हणतेस. करंगळी आणि तळहाताची कड पेशंटच्या छातीला टेकव. प्रोब हवेत धरला की कुणाचाही हात हलतो. कोपर पलंगावर किंवा उशीवर टेकलं पाहिजे. आणि एका वेळी एकच हालचाल कर. सरकवायचं असेल तर फक्त सरकव, कलवायचं तर फक्त कलव, फिरवायचं तर फक्त फिरव. तिन्ही एकदम केलं की चित्र बिघडलं कशाने आणि सुधारलं कशाने, दोन्ही कळत नाही. हे एखाद्या तब्येतीने चांगल्या, बारीक सहकाऱ्यावर शिक, सरांना सांगून, खात्याच्याच मशीनवर. पोर्टेबल मशीन घरी किंवा हॉस्टेलवर न्यायचा विचारही करू नकोस. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन नोंदलेल्या जागेशी बांधलेलं असतं आणि आपल्या राज्यात त्याची तपासणी कडक असते.

पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसने (छातीच्या हाडाशेजारून, हृदयाच्या लांबीतला काप) सुरुवात कर, प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे. पहिली क्लिप मुद्दाम जास्त डेप्थवर घे. मागे डिसेंडिंग एऑर्टाचं (खाली जाणाऱ्या महाधमनीचं) गोल दिसलं पाहिजे. पाणी त्याच्या पुढच्या बाजूला असेल तर ते पेरिकार्डियममधलं (हृदयाच्या आवरणातलं), मागे असेल तर फुफ्फुसाच्या आवरणातलं. मग डेप्थ कमी कर. एलव्ही स्क्रीनवर आडवी झोपलेली हवी आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच चित्रात हवेत. या व्ह्यूत एलव्हीचं टोक दिसायला लागलं तर खूश होऊ नकोस, कट तिरका गेला आहे. तिथून जागा न सोडता खूण डाव्या खांद्याकडे फिरवली की शॉर्ट ॲक्सिस (आडवा काप). एऑर्टिक व्हॉल्व्हची तीन पाकळ्यांची उघडझाप, मग मायट्रल, पॅपिलरी, टोक. एलव्ही गोल हवी, अंड्यासारखी दिसली तर कट सरळ नाही. मग एपिकल : फोर, फाइव्ह, टू, थ्री चेंबर. मग पेशंटला उताणं करून, गुडघे वर घ्यायला सांगून, श्वास आत धरायला लावून सबकॉस्टल (बरगड्यांखालून) आणि आयव्हीसी (खालची महाशीर). शेवटी मान मागे करून सुप्रास्टर्नल (गळ्याच्या खळगीतून). प्रत्येक ठिकाणी आधी साधं चित्र, मग कलर (रक्ताचा प्रवाह रंगात), मग डॉपलर (रक्ताचा वेग). कलरची स्केल ५० ते ६० सेंटिमीटर प्रतिसेकंद ठेव. ती कुणीतरी खाली करून ठेवलेली असते आणि मग साधी गळतीही सिव्हिअर दिसते. आदल्या पेशंटची सेटिंग तशीच वापरायची सवय मला सगळ्यात जास्त खटकते.

एक माप मात्र जीव लावून शिक, एलव्हीओटीचं, म्हणजे एलव्हीतून एऑर्टाकडे जाणाऱ्या वाटेच्या रुंदीचं. एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये (एऑर्टिक व्हॉल्व्ह अरुंद होण्यात) सगळा हिशेब त्यावर उभा असतो आणि त्याचा वर्ग होतो. समज एलव्हीओटी २० मिलिमीटर, तिथला व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती अंतर जातं) २० सेंटिमीटर आणि व्हॉल्व्हवरचा ६०. एलव्हीओटीचं क्षेत्रफळ ३.१४, म्हणून व्हॉल्व्हचं १.०५ चौरस सेंटिमीटर. आता कॅलिपर दोनच मिलिमीटर आत पडला आणि १८ आला, तर क्षेत्रफळ २.५४ आणि व्हॉल्व्ह ०.८५. सिव्हिअर म्हणायची रेषा १.० वर आहे. म्हणजे तोच माणूस, तेच हृदय, आणि दोन मिलिमीटरने तो ऑपरेशनच्या चर्चेत गेला. म्हणून झूम करायचं, सिस्टोलच्या मध्यावरची फ्रेम घ्यायची, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं, आणि एकाच पेशंटचं आधीचं माप बघायचं. मोठ्या माणसाचा एलव्हीओटी सहा महिन्यांत वाढत नाही. आकडा बदलला असेल तर मोजणारा बदलला आहे.

डॉपलरचं सूत्र याच्या उलट आहे. तो जवळजवळ नेहमी कमीच दाखवतो. खरा वेग ४ मीटर प्रतिसेकंद असताना तुझी रेघ ३० अंश तिरकी असेल तर मशीन ३.४६ दाखवेल, आणि ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ६४ च्या जागी ४८. अँगल करेक्शनचं बटण दाबून हे निस्तरू नये, प्रोब हलवून निस्तरावं. एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये पेशंटला उजव्या कुशीवर वळवून उजव्या पॅरास्टर्नलमधून पेन्सिल प्रोबने बघितल्याशिवाय सर्वांत मोठा वेग मिळाला असं समजू नकोस. पेन्सिल प्रोब बऱ्याच ठिकाणी कपाटात पडून असतो, तुमच्याकडेही असेल, शोध.

आपल्याकडे संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीवर) झालेले मायट्रल स्टेनोसिस अजून येतात, तरुण बायका, कधी गरोदरपणात पहिल्यांदा कळतं. शॉर्ट ॲक्सिसमध्ये व्हॉल्व्हचं तोंड मोजताना पाकळ्यांच्या अगदी टोकाशी यायचं. व्हॉल्व्ह नरसाळ्यासारखा झालेला असतो, जरा वर कापला की तोंड मोठं मोजलं जातं. टोकापासून वर आणि पुन्हा खाली असा हळू स्वीप करून सगळ्यात लहान तोंड पकड. त्याची क्लिप ठेव, फोटो नको.

न दिसलेलं मोजू नकोस. ट्रायकस्पिड व्हॉल्व्हच्या गळतीचा पुसट, पिसासारखा सिग्नल घेऊन त्यावर २.८ मीटर टाकायचा आणि पीए प्रेशर (फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब) लिहून मोकळं व्हायचं, हे सगळीकडे चालतं. त्यापेक्षा 'सिग्नल पुरेसा नाही' एवढं लिहिलेलं चांगलं. तसंच ईएफचं. भिंतींच्या कडाच दिसत नसतील तर बायप्लेन काढू नकोस, 'चित्र अपुरं, अंदाजे' असं सरांना सांग.

नजरेने ईएफ सांगणं वाईट नाही बरं. सरांसारख्या हजारो इको केलेल्या माणसाची नजर बऱ्याचदा कॅलिपरइतकीच खरी असते. तू मात्र दोन्ही कर. आधी नजरेने आकडा ठरवून वहीत लिही, मग मोज. मोजल्यावर नजरेचा आकडा बदलायचा नाही. दोनांत मोठा फरक पडला तर त्या पेशंटची क्लिप संध्याकाळी पुन्हा उघडायची. नजर अशीच तयार होते, ६० लिहून होत नाही.

वेळेचं काय? ब्रिटनमध्ये एका पूर्ण इकोला साधारण पाऊण तास धरतात. तुमच्या ओपीडीत ते म्हटलं तर हसतील. सरावलेला हात वीस मिनिटांत पूर्ण करतो, पण तुझा आत्ता नाही होणार आणि रांगेतल्या माणसांनी तुझ्या शिकण्याची किंमत का मोजावी? रोज एक पूर्ण इको कर. तो रांगेतला नको, वॉर्डातला स्थिर पेशंट किंवा ओपीडीतला शेवटचा, ज्याला घाई नाही आणि ज्याने हो म्हटलं आहे. बाकीच्यांना प्रश्नापुरता इको, पण त्याच क्रमाने, गाळलेला व्ह्यू 'गाळला' असं लिहून. आणि रिपोर्टवर 'मर्यादित तपासणी' असं लिहायला सरांची परवानगी माग. सही त्यांची असते, त्यामुळे हे त्यांच्याही फायद्याचं आहे, तसंच सांग. ऑपरेशनपूर्वीच्या फिटनेससाठी आलेल्या माणसाला दिलेला तीन व्ह्यूंचा इको पूर्ण म्हणून फाइलला लागतो आणि दोन वर्षं लोक त्याच्याच भरवशावर राहतात.

वही ठेव. ब्रिटिश सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या प्रमाणपत्राला २५० केसचं लॉगबुक लागतं, आणि प्रत्यक्ष प्रोब धरून परीक्षा होते ती वेगळी. अमेरिकेत डॉक्टरांच्या शिक्षणात पहिल्या पायरीला ७५ इको स्वतः केलेले हवेत, दुसरीला १५०. आपल्याकडे इंडियन ॲकॅडमी ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या शिफारशी आहेत, त्या मिळवून वाच, तिच्या परिषदांना जमलं तर जा. लॉगबुकात नॉर्मल इको भरून आकडा गाठू नकोस. स्टेनोसिस, गळती, एमआय, पेरिकार्डियममधलं पाणी, कार्डिओमायोपथी, प्रत्येकाच्या काही असल्या पाहिजेत. पेशंटचं नाव वहीत लिहायचं नाही.

दादांशी भांडू नकोस. त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. पाच मिनिटांत विंडो (हृदय नीट दिसेल अशी जागा) सापडते ती वर्षांच्या सरावाने. जाड पेशंटमध्ये, सीओपीडीवाल्यात ते प्रोब कुठे ठेवतात ते नीट बघ, पुस्तकातली जागा तिथे नसते. ईएफ त्यांच्याकडून शिकू नकोस.

शेवटचं. पेशंट विचारणारच, 'ताई, ठीक आहे ना सगळं?' रिपोर्ट सर सांगतील, एवढंच म्हण आणि चेहरा सांभाळ. पण हृदयाभोवती भरपूर पाणी आणि डायस्टोलमध्ये आत दबलेली आरव्ही (उजवा खालचा कप्पा) दिसली, एऑर्टात हलणारा पडदा दिसला, किंवा एलव्हीत लोंबती गुठळी दिसली, तर क्रम तिथेच सोड. एक क्लिप सेव्ह कर, सरांना फोन लाव, आणि ते येईपर्यंत पेशंटला टेबलावरून उठू देऊ नकोस.